म्बाह पैकेमचा खोटा ठोका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे इतकी जुनी, की कुणाच्याही पणजोबानं ती पाहिलेली नाही आणि प्रत्येकाच्या पणजोबानं ती सांगितलेली आहे.

समुद्रापलीकडे जावा बेटावर, एका धुमसत्या डोंगराच्या उतरणीला केडुंगवारू नावाचं गाव आहे. आपल्या कोकणासारखाच मुलूख. भात, नारळ, फणस, आणि बांधावरून भांडणारे भाऊ. त्या गावात पैकेम नावाची म्हातारी राहायची. तिकडे आजीला 'म्बाह' म्हणतात. ओठ मिटून सुरू करायचं आणि तोंड उघडून संपवायचं, की जमतं. तर ही म्बाह पैकेम. तिच्यापाशी एक झोपडी होती, एक रेडा होता, आणि गावाचा ओंडका तिच्या राखणीला होता.

ओंडका म्हणजे फणसाचं पोखरलेलं खोड. पोटाला उभी चीर पाडून ते गावाच्या मधोमध भेंडाच्या मोठ्या झाडाला टांगलेलं असायचं, आणि दांडक्यानं वाजवायचं. तिकडे त्याला केंतोंगान म्हणतात. गावचा जीव, गावची चीजवस्तू, सगळी त्या ओंडक्याच्या भरवशावर. आधी हे काम पैकेमच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर दुसरं कुणी घेईना, कारण ओंडका राखणाऱ्यानं गाव सोडून जायचं नसतं, लग्नाला नाही की मयताला नाही. असलं काम विधवेच्या गळ्यात पडायला वेळ लागत नाही.

ठोक्यांची भाषा पोराटोरांनाही पाठ होती. दोन-दोन ठोके पडले की चोरी. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे पाणी चढतंय, वरच्या वाडीला पळा. आणि एकेक ठोका, मधे श्वासभर थांबून, म्हणजे गावात माणूस मारला. हा एकेरी ठोका ऐकला की हातात असेल ते असेल तिथं टाकायचं, रिकाम्या हातानं झाडाखाली यायचं आणि तळवे पुढे करून ओळीत उभं राहायचं. जो येणार नाही तोच खुनी. पलीकडचं गाव तो ठोका ऐकून आपला ओंडका वाजवायचं, त्याच्या पलीकडचं आपला. त्या गावांचीही माणसं यायची. म्हणून एकेरी ठोका कुणी उगाच वाजवत नसे.

आणखी एक नियम होता. जो खोटा ठोका वाजवील, त्यानं गाव सोडायचं.

पैकेमचा ठोका सात गावांना ऐकू जायचा, असं म्हणतात. तिनं तीन-तीन वाजवले की चुलीतला विस्तवसुद्धा दबकायचा, आणि चार-चार वाजवले की ओढ्याचं पाणी ऐकायला थबकायचं, असंही म्हणतात. पाणी मग पुढे यायचंच, पण माणसांना पोरं काखेत मारायला तेवढा वेळ मिळायचा.

एका वर्षी चोरांनी उच्छाद मांडला. कुणाच्या कणगीतलं भात गेलं, कुणाचा रेडा गेला. जावातल्या चोरांपाशी एक विद्या असते म्हणतात. मसणातली माती घरावर फेकली, की आतली माणसं गाढ झोपतात. चिखलात राबून दुपारी भरपेट जेवलेल्या माणसाला झोपवायला मसणातली माती कशाला लागते, ते मला विचारू नका. गावाचं म्हणणं तसं आहे.

तर चिखलणीचे दिवस होते. खाचरात पाणी भरलं होतं, रोपं तयार होती, आणि गावात धड असा एकच रेडा उरला होता, तो पैकेमचा. निम्म्या गावाची लावणी त्याच्या खांद्यावर. दुपारी म्हातारीचा डोळा लागला. उठून पाहते तो दावं कापलेलं, आणि एक माणूस रेड्याला ओढ्याकडे घेऊन चाललेला. नवऱ्यामागे त्या मुक्या जनावराशीच ती बोलायची. ती झाडाकडे धावली आणि तिनं दोन-दोन वाजवले. जीव खाऊन वाजवले.

गाव आलं. शेतातून आलं, विळे, काठ्या, कुदळी घेऊन आलं. ओढ्यापाशी चोर सापडला. रेडा कुणीतरी बांधून ठेवला, आणि मग सगळे त्या माणसावर तुटून पडले. त्यात कणगी गेलेला होता, रेडा गेलेला होता, आणि काहीच न गेलेलेही होते. त्यांचा हात सगळ्यांत जोरात चालत होता.

म्हातारी झाडाखाली उभी राहून ऐकत होती. ओढा वळणाआड, दिसत काही नव्हतं. आधी शिव्या ऐकू आल्या. मग चोराचं ओरडणं. मग ओरडणं थांबलं, शिव्याही थांबल्या, आणि नुसते ठोके ऐकू येऊ लागले. ते कसले ठोके आहेत हे तिला कुणी सांगायला नको होतं. जन्मभर ती तेच ऐकत आली होती.

तिला बरं वाटलं नाही असं नाही. घटकाभर वाटलं. माझा रेडा नेत होता, भोगू दे आता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे सगळे तिच्या ठोक्यावर धावत गेले आहेत. तो माणूस मेला, तर मारायला बोलावणारी तीच.

धावत जाऊन आडवं पडण्याचं तिचं वय नव्हतं, आणि पडली असती तरी त्या वेळी तिचं कोण ऐकणार होतं? तिनं दांडकं उचललं. एक ठोका दिला. श्वासभर थांबली. दुसरा दिला.

तो आवाज जमिनीतून आला, असं म्हणतात. खाचरातल्या पाण्यावर शहारा उठला. सात गावांत बायकांची मुसळं वरच्या वर थांबली. आणि ओढ्याकाठी लोकांच्या हातातले विळे आपोआप गळून पडले, असं म्हणतात. मला वाटतं, टाकले असतील. पण गळून पडले म्हटल्यानं गावाची थोडी अब्रू राहते, तर राहू दे.

नियम तो नियम. सगळे रिकाम्या हातानं पळत आले, धापा टाकत ओळीत उभे राहिले आणि सवयीनं तळवे पुढे केले. तळवे लाल होते. ज्याच्या त्याच्या ते लक्षात आलं, आणि ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

तेवढ्यात पलीकडच्या गावांची माणसं येऊन थडकली. मग वळणावरून आणखी एक जण येताना दिसला. तो चालत नव्हता, कोपरांवर सरपटत होता. तो चोर होता. जुमादी त्याचं नाव, वरच्या कोरड्या डोंगरातला. त्याच्याही गावात एकेरी ठोका होता, आणि न येणारा खुनी ठरतो हे त्यालाही ठाऊक होतं. तो ओळीच्या शेवटाला आला आणि पडल्या पडल्या त्यानं तळवे पुढे केले.

गावच्या पाटलाला तिकडे लुरा म्हणतात. लुरा वोंगसो पुढे झाला. "म्बाह, कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," म्हातारी म्हणाली.

लुरानं ओळ पाहिली. गावचं माणूस न् माणूस हजर होतं, आणि एक चोर जास्त होता. "मग खोटा ठोका झाला हा."

"व्हय. खोटा ठरावा म्हणूनच वाजवला."

जुमादीला दोघांनी उचलून सावलीत नेलं, पाणी पाजलं. ज्यांनी उचललं तेच मघाशी पुढे होते, असं म्हणतात.

लुरा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो म्हणाला, "म्बाह, तुम्ही आमच्या हातून पाप होऊ दिलं नाही, ते मला कळतंय. पण सात गावं उभी आहेत. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या आगीचा ठोका ऐकून माणूस म्हणेल, खरा की खोटा ते आधी बघू. तेवढ्यात कुणाचं घर जाईल, घरातलं पोर जाईल."

"बरोबर हाय तुमचं," म्हातारी म्हणाली. "मीसुद्धा हेच सांगितलं असतं. रेडा ठेवा. चिखलणी खोळंबली हाय."

तिनं एक लुगडं आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधले आणि ओढ्यावरच्या बांबूच्या साकवाकडे निघाली. गाव मागोमाग गेलं आणि काठावर थांबलं. साकवाच्या मधोमध पैकेम उभी राहिली. गाठोडं सैल झालं होतं ते आवळत होती, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, गाठोड्याला काही झालं नव्हतं. गाठ आवळायला लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती तिथं उभी होती, एवढं मात्र सगळे म्हणतात.

काठावर अख्खं गाव होतं. नियम गाव सोडायचा होता. परत बोलवायचं नाही, असा काही नियम नव्हता. लुराला वाटलं, मी कसा बोलू, मीच निवाडा दिला. बायकांना वाटलं, पुरुष बोलतील. पुरुषांनी हात पाठीमागे धरले होते. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी हाक मारील.

मग ती पलीकडे गेली. डोंगरावरून धुकं उतरलं आणि त्यात ती दिसेनाशी झाली. पुढे ती कुणालाच दिसली नाही. लुरानं माणसं पाठवली, जुमादी बरा झाल्यावर कुबडी घेऊन सगळा डोंगर हिंडला, पण चिखलात तिच्या पावलाचा ठसासुद्धा मिळाला नाही, असं म्हणतात.

आणि ओंडका मुका झाला. कुणीही मारावं, भोपळ्यावर मारल्यासारखा बद्द आवाज यायचा. गावात आग लागली तेव्हा माणसं दारोदार ओरडत फिरली, आणि तीन घरं गेली. फणसाचं नवं खोड पोखरून टांगलं, तेही बोलेना. तेव्हा एक दिवस, लावणीच्या आधी, गावच्या बायका साकवापाशी गेल्या आणि रिकाम्या धुक्याकडे बघत ओरडल्या, "म्बाह, घरी या." पुरुष ओरडले. लुराही ओरडला आणि रडला. परत येऊन वाजवून पाहिलं, तर ओंडका खणखणला, असं म्हणतात.

केडुंगवारूत अजून चोर सापडतो. चोऱ्या कुठं थांबतात? पण तिथं दोन-दोन ठोके वाजले आणि चोर हाती लागला, की ओंडकेवाला लगेच एकेरी ठोका देतो, आणि तो खोटा धरत नाहीत. माणसं हातातलं टाकून झाडाखाली येतात आणि तळवे दाखवतात, चोरही दाखवतो. मग त्याला पाणी देतात, आणि पुढचं जे करायचं ते करतात.

आणि दरसाल लावणीच्या आधी गावातली एक म्हातारी गाठोडं घेऊन साकवावर जाते. मधोमध थांबते आणि गाठ आवळू लागते. काठावर सगळं गाव असतं, काखेतल्या पोरांसकट. कुणी कुणाची वाट पाहायची नाही असा नियम आहे, म्हणून सगळे एकदम हाक मारतात, आणि ती वळून घरी येते.

पोरं दरसाल विचारतात, की त्या वेळी हाक मारली असती, तर खरी म्बाह पैकेम परत आली असती का?

मोठी माणसं सांगतात, ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी मारलीच नाही.