आईने लपवलेली जखम

“...मग लोक ऐकत का नाहीत, बाई?”

केळुसकर बाई चष्मा पुसत राहिल्या.

पुष्कराजने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. मधुमेह असलेल्यांसाठी त्याने केलेले पाठ त्यात होते. काय खावं, सुई कशी टोचावी, पाय कसे जपावेत. कुणीही घरबसल्या पाहावं. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली होती.

“पाहिलेत मी,” बाई म्हणाल्या. “एक अक्षर चुकलेलं नाही.”

ज्यांच्या हाताखाली तो डॉक्टर झाला, त्या बाईंनी एवढं म्हणावं... पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

“आईनेही पाहिलेत सगळे. तरी तिच्या पायाची जखम चिघळली. शेवटी बोट कापावं लागलं.”

“तिला कळलं नव्हतं?”

“सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं.”

“मग?”

“...मला सांगितलं नाही. डॉक्टर मुलगा घरात, आणि मलाच सांगितलं नाही.”

बाईंनी खाटेवरच्या उशीमागून एक डबा काढला. गुळात घोळलेलं खाजं होतं त्यात. मधुमेह बाईंनाही होता, जुना. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला.

“बाई, हे काय चाललंय? निदान तुम्हाला तरी कळायला हवं...”

बाईंनी झटकन डबा पदराखाली ओढला. ओरडा खाल्लेल्या पोरीसारखी मान खाली घातली.

पुष्कराजचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

तो खोलीत आला की आई लुगड्याचा काठ असाच पावलांवर ओढून घ्यायची. तिला थंडी वाजत असेल, असं त्याला वाटायचं. मोजे आणून दिले होते त्याने.

परसात माडाची झावळी सळसळत होती.

पुष्कराजने मोबाइल पालथा ठेवला. खुर्चीवरून उठला आणि खाली, बाईंच्या पायांपाशी बसला.

“बाई...” त्याचा आवाज खाली आला होता. “फार खावंसं वाटतं का हो?”

बाईंनी पदर बाजूला केला. डबा काढून त्याच्या हातात दिला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता शिकव.”