पडलेला प्रधान आणि खंदकातली सुसर

एकदा काय झालं, उदेभान नावाचा राजा राज्य करून करून अगदी कंटाळला. सकाळी उठल्यापासून सगळे त्यालाच विचारायचे. पूल कुठं बांधू? विहीर कुठं खणू? बिचाऱ्याला धड जेवूही देत नसत. त्यात प्रधान चुकला की त्याला खंदकातल्या सुसरीपुढं टाकायचं, अशी तिथली रीत. सुसर बोलकी होती, बरं का. रोज काठाशी येऊन विचारायची, "आज कोण?" राजाला ते ऐकवत नसे.

मग राजानं दवंडी पिटली. प्रत्येक गावानं आपल्या मर्जीचं एक माणूस निवडून सभेत पाठवावं. ज्याच्या बाजूला जास्त माणसं, तो प्रधान. त्यानं कारभार करावा. बाकीच्यांनी समोरच्या बाकावर बसून त्याला प्रश्न विचारावेत.

"आणि मी सभेनं ठरवलेल्यावर शिक्का मारीन अन् सुखानं जेवीन," राजा म्हणाला.

मग रंभाजी प्रधान झाला. समोर बसली येसूआत्या. ती बोलायला उठली, की रंभाजी उगीचच पगडी सावरायचा.

आधी रंभाजी म्हणाला, नदीवर पूल बांधू. भराभर हात वर झाले. राजानं शिक्का मारला. मग म्हणाला, आंब्याच्या दिवसांत शाळेला सुट्टी. तेव्हा तर आत्यानंही हात वर केला! मग मात्र स्वारी फुगली. तिसऱ्या खेपेला म्हणतो कसा, "मी उठेपर्यंत राज्यातल्या एकाही कोंबड्यानं आरवायचं नाही."

आत्या उठली. "प्रधानजी, तुम्ही उठता कधी?"

"ऊन डोक्यावर आलं की."

"मग गाईंच्या धारा कोण काढणार? पोरांना दूध कधी मिळणार?"

रंभाजीनं नुसतीच पगडी सावरली. त्याच्याच बाजूची माणसं माना हलवायला लागली. मग हात मोजले. रंभाजी पडला, आणि आत्या प्रधान झाली.

रंभाजीला जुनी रीत आठवली. त्यानं जोडे काढले, बायकोला निरोप धाडला आणि रडत रडत निघाला खंदकाकडं. सुसरीनं जबडा उघडला. "या, या! किती वाट बघायला लावलीत!"

तेवढ्यात आत्या पदर खोचून धावत आली. तिनं शेला धरून त्याला मागं ओढलं.

"अहो, निघालात कुठं? तुमची जागा समोरच्या बाकावर!"

"पण मी तर पडलो ना?"

"म्हणून काय झालं? तुम्हाला सुसरीनं खाल्लं, तर उद्या मी चुकल्यावर मला विचारणार कोण?"

सुसर रुसून तळाशी गेली, ती पुन्हा वर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या सभेत म्हणाली, "नवी विहीर पहिल्यांदा माझ्या गावाला."

मग रंभाजी उठला. "आत्या, तुमच्या गावाला तर नदी आहे. कोरड्या गावांचं काय?"

सगळी सभा हसली. आत्याही हसली, आणि विहीर कोरड्या गावाला मिळाली. मग सगळे आनंदानं राहिले. राजाही पोटभर जेवू लागला.

आता झोपायचं ज्यांना, त्यांनी हात वर करा बघू. एकही नाही? म्हणजे आजी पडली म्हणायची! बरं, करा विरोध. पण डोळे मिटून, पांघरुणाच्या आत.