तेलाच्या भिंतीवरचा हलवा

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नव्हती. माधवीमावशी म्हणाली होती, परवा आले की मीच सांगेन. पण तुम्ही दोघं काही झोपत नाही. म्हणून हळूच सांगते. मावशीला कळू द्यायचं नाही, बरं का.

एक होतं घर. एवढंसं, की मोहरीच्या दाण्यावर अशी गावंच्या गावं बसतील. त्याच्या भिंती तेलाच्या. वाहून नाही जात, ओजू. नुसत्या डुलतात.

त्या घरात बकुळा नवीनच राहायला आली. तिच्या आईनं तिला हलव्याच्या माळा दिल्या. संक्रांतीला तनूला घातल्या होत्या ना, तशाच. प्रत्येक माळेला तेलाचं शेपूट. शेपूट भिंतीत खोचायचं, हलवा बाहेर लोंबू द्यायचा. पण बकुळा म्हणाली, "बाहेर कशाला? मुंग्या लागतील!" आणि तिनं सगळ्या माळा आतून लावल्या.

मग काय झालं? त्या गावात घरं एकमेकांचा हात धरून उभी असतात. शेजारची भागूकाकू हात धरायला आली. तिनं भिंत चाचपली, तर हलवा काही हाताला लागेना. "कुणी परकं दिसतंय बाई," म्हणाली आणि निघून गेली. मग पाण्याची लाट आली. एकटी भिंत लटलट कापायला लागली. आणि मग आला पांढरा हवालदार. त्याला डोळेच नव्हते. बोटांनी चाचपायचा. परकं लागलं की गट्ट!

"हवालदारदादा, मी इथलीच आहे हो!"

"सगळे चोर असंच म्हणतात. इथलीच, तर हलवा कुठाय?"

"आत ठेवलाय. मुंग्या लागतील म्हणून."

हवालदार पोट धरून हसला. "अगं खुळे, आतला हलवा मला कसा कळणार? काढ बाहेर. लवकर, मला भूक लागलीय."

बकुळा माळ ढकलायला लागली. पण साखर तेलात शिरते का कधी? सरकेचना. तिनं डोळे मिटून, दात आवळून जोर लावला. आणि एक माळ सुळकन बाहेर आली!

हवालदारानं दाणे चाचपले. एक, मग दुसरा, मग तिसरा. "अरेच्चा! ही तर आपलीच पोर!" त्यानं मिटलं तोंड.

मग बाकीच्या माळाही बाहेर आल्या. भागूकाकू धावत आली, तिनं हात धरला, भिंत कापायची थांबली. सगळी सुखानं राहिली. आणि तनू, अशी कितीतरी घरं आत्ता तुझ्याही अंगात आहेत, पेशी म्हणतात त्यांना, हलवा बाहेर लावून, हात धरून, सगळी अगदी गाढ

"तायडे! अगं, दूध उतू चाललंय, ये लवकर!"

आले गं आई. डोळे मिटा, ती सगळी अगदी गाढ