जिवाजीबुवांची खोली

देवळामागच्या ज्या खोलीत जिवाजीबुवा गवई वारले, तिथं गाणं शिकवायला बसलेल्या दोन मास्तरांचा आवाज कायमचा गेला होता. तरी सुगंधानं तीच खोली घेतली, कारण दुसरी कुणी देईना. बारशात पाळणे म्हणायचे, कीर्तनात पेटीवर बसायचं, दुपारी पोरांना शिकवायचं, यावरच तिचं आणि तान्ह्या लेकीचं पोट होतं.

पहिल्याच दुपारी, पोरं यायच्या आधी, बुवांचा जुना तंबोरा आपोआप वाजू लागला. तान्ही कोपऱ्याकडं टक लावून बघत राहिली.

"बारशात गाणारी बाई माझ्या खोलीत शिकवणार?" कोपऱ्यातून आवाज आला. "मी माझी विद्या कुणाला दिली नाही. तुझाही गळा ठेवून घेतो!"

सुगंधाचा घसा आवळत चालला. लेकीला छातीशी धरून ती कशीबशी म्हणाली, "घ्या, बुवा. पण गुरूचं नाव घेताना गाणारा कानाची पाळी धरतो. मी उद्या मेले तरी माझी चाळीस पोरं धरतील. तुमचं नाव निघाल्यावर गावात एक तरी हात कानाला जातो का हो?"

तंबोरा थांबला. घसा सुटला.

मग तोच आवाज, अगदी खालच्या पट्टीत, म्हणाला, "बाई, वर्ग किती वाजता भरतो?"