येसबा ओताऱ्याची तोफ

डोंगरकिल्ल्याच्या पायथ्याच्या एका गावात येसबा नावाचा एक ओतारी राहत असे. देवळांच्या घंटा ओतण्यात त्याचा हातखंडा होता. ओतलेली घंटा तो आधी बोटाच्या पेराने वाजवून पाही. नाद स्वच्छ उमटला, तरच ती देवाला वाही. नाही तर पुन्हा भट्टीत घाली. मुखी नाम आणि हाती काम, असा त्याचा दिवस जाई.

राज्यावर गनीम चालून येणार, अशी वार्ता होती. किल्ल्याच्या खिंडीत जड तोफा चढत नसत. येसबाने दोन तुकड्यांची तोफ योजिली. तुकडे खांद्यावरून खिंडीत न्यावेत आणि तेथे मळसूत्रासारखे एकमेकांत फिरवून जोडावेत. लाकडी नमुना घेऊन तो सात वर्षे तोफखान्याच्या दारोग्याचा उंबरठा झिजवीत राहिला.

"अरे येसबा," दारोगा दर्याजीराव हसून म्हणे, "घंटा ओतणाऱ्याने आरती करावी. लढाईचे आम्ही पाहू."

शेवटी ही गोष्ट राजाच्या कानी गेली. दारोग्याला कोठारातले तांबे द्यावे लागले. पण त्याने मुदत घातली अवघ्या आठ दिवसांची. "खंडेनवमीला शस्त्रपूजेनंतर महाराजांसमोर बार काढायचा. त्या दिवशी जमले नाही, तर पुन्हा या दारात यायचे नाही."

साचा बांधून वाळवण्यातच पाच दिवस गेले. ओतीव धातू साच्यात पाच दिवस झाकून निवू द्यावा, ही ओताऱ्यांची पिढीजात रीत. येसबाजवळ तीनच उरले होते. सात वर्षांची वाट डोळ्यांपुढे आली, आणि नवमीच्या पहाटे त्याने साचा फोडून दोन्ही तुकडे जोडले. तोफ वरून आरशासारखी लखलखत होती.

मंडप भरला. तोफेला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. पूजेचा मान येसबाचा. नमस्कार करताना जुन्या सवयीने त्याने पेराने तोफ वाजवली. नाद बोदा होता. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा तोच बोदा नाद. आत कोठेतरी तडा होता.

दौलत गोलंदाज पेटती बत्ती घेऊन पुढे झाला. पिकल्या मिशांचा हा गडी येसबाचा बालमित्र. येसबाने बत्ती लावायच्या छिद्रावर तळहात ठेवला.

"येसबा, हात काढ," दौलत कुजबुजला. "सातव्या वर्षी तुझा दिवस उगवलाय, आणि तूच आडवा येतोस होय रे?"

येसबाने तोफेकडे पाहिले. तडा कोणाला दिसत नव्हता. कदाचित एक बार निभावेलही. पण खोट असलेली घंटा त्याने कधी देवाला वाहिली नव्हती; मग खोट असलेल्या तोफेपाशी जिवाभावाचा माणूस कसा उभा करायचा?

"महाराज," तो हात न काढता म्हणाला, "ही तोफ फुटेल. साचा मी घाईने उघडला. चूक माझी आहे."

"पाहिलेत, महाराज?" दारोगा गरजला. "बार काढायची वेळ आली आणि घंटावाल्याचे पाय लटपटले!"

राजाचा चेहरा कठोर झाला. "बार निघेलच. दारूची लांब वाट घाला आणि सर्वांनी भिंतीआड व्हा. तोफ शाबूत राहिली, तर याला राज्याबाहेर घालवा."

दारूची वाट सुरसुरत पेटत गेली. भिंतीआड येसबाने डोळे मिटून विठ्ठलाचे नाव घेतले. तोफ शाबूत राहावी की फुटावी, काय मागावे हे त्याला कळेना. म्हणून त्याने काहीच मागितले नाही.

कानठळ्या बसल्या. धूर विरला तेव्हा तोफेच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या, आणि मघाशी दौलत उभा होता तेथील खांब मधोमध चिरला होता. दौलतच्या हातातली विझलेली बत्ती गळून पडली.

राजाने पुढे होऊन चिरलेल्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दर्याजीराव, आपल्या तोफखान्यात अशा किती तोफा आहेत, ज्यांच्याविषयी आम्हांला कोणी सांगितले नाही?"

दारोगा दोन पावले मागे सरला.

"उद्यापासून किल्ल्यावरची प्रत्येक तोफ येसबा वाजवून पाहील." राजा येसबाकडे वळला. "आणि तुझी तोफ पुन्हा ओत. किती दिवस हवेत?"

"साचा बांधायला पाच आणि निवायला पाच, महाराज," येसबा हात जोडून म्हणाला. "एकही कमी नको."

तात्पर्य: आपल्या कामातील खोट जो स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याच्याच कामावर जगाने विसंबावे, कारण सिद्धीची घाई माणसाला चुकायला लावते, पण कबुली त्याला तारते.