नौकाशाळेतली मडकी

एका राज्यात राजाची नौकाशाळा होती, आणि तिच्यात कोणी हसत नसे. तिथे कामाला लागणारा प्रत्येक सुतार पहिल्याच दिवशी आपला राग, आपलं भय आणि आपला आनंद तीन मडक्यांत ठेवून आत जाई. मन बाहेर राहिलं की काम चोख होतं, असा मांत्रिक प्रधान मेघदंताचा दंडक होता. मडक्यांच्या राखणीला एक बोलकी साळुंकी होती.

संशयासाठी मात्र मडकं नव्हतं. तो आतच राहिला आणि माजला. नावा नदीत उतरताच फुटू लागल्या, तेव्हा जो तो शेजाऱ्याचे खिळे तपासू लागला. राजा वीरकेतूने फर्मान काढलं: पौर्णिमेला उतरवायची नाव बुडाली, तर मुख्य सुतार रेवणाही तिच्यासोबत बुडेल. ते ऐकून रेवणाने मान डोलावली आणि रंधा मारायला घेतला.

दूरदेशी शिकून परतलेली त्याची मुलगी सौदामिनी हे पाहून चरकली. मरणाच्या फर्मानावर माणूस इतका शांत कसा? भर दुपारी ती साळुंकीपुढे जाऊन उभी राहिली.

"या पोरीला कोणी पाठवलंय ते आधी विचारा," एक सुतार भाकरी मोडता मोडता म्हणाला.

साळुंकी कधीच खोटं बोलत नसे. पण ती प्रधानाची हेर असेल, या संशयाने तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. सौदामिनीने विचारलं, आणि साळुंकीने तिला तिच्या बापाची मडकी दाखवली. "एक कामी लावल्याशिवाय दुसरं उघडू नकोस. तिन्ही एकदम सुटली, तर माणूस फुटतो."

पहिलं, भयाचं मडकं उघडलं. रेवणा थरथरू लागला, घराकडे पळू लागला.

"आबा, ज्याची भीती वाटतेय तिथेच चला."

ती त्याला नदीवर घेऊन गेली. कित्येक वर्षांनी रेवणाने नदीकडे नीट पाहिलं. नदीने पात्र बदललं होतं. जिथे डोह होते तिथे आता खडकांवरून उथळ पाणी धावत होतं. खोल तळाच्या नावा त्यावर आपटत होत्या. खिळ्यांना कोणी हात लावला नव्हता.

दुसरं मडकं उघडलं. रेवणा कुऱ्हाड घेऊन प्रधानाच्या वाड्याकडे निघाला. सौदामिनी आडवी आली. "त्याला मारून नाव तरेल का?" तो धापा टाकत थांबला. मग मागे वळला आणि नावांच्या पिढीजात साच्यावर त्याने कुऱ्हाड घातली.

तिसरं मडकं उघडलं. रेवणा वाळूत बसून बोटाने रेघा ओढू लागला: बदकाच्या पोटासारखी रुंद, सपाट नाव. ओढता ओढता तो गुणगुणत होता.

"हा आपल्यालाही बुडवणार," सुतार कुजबुजले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," रेवणा म्हणाला. "आपापलं भय घ्या आणि नदी बघून या."

ते गेले, आणि परतल्यावर उरलेली मडकीही एकेक करून मागू लागले. त्या मडक्यांच्या उबेवर प्रधानाचं वय थांबलं होतं. शेवटचं मडकं रिकामं झालं तेव्हा त्याचे केस पांढरे झाले, दात गळले आणि तो मंत्र विसरला.

पौर्णिमेला राजाने नवी नाव संशयाने न्याहाळली. "ही अशी का?"

"नदी अशी झाली म्हणून, महाराज."

रेवणा नावेत चढला. त्याचे पाय कापत होते. त्याने ते लपवले नाहीत. नाव खडकांवरून अलगद सरकत पैलतीरी लागली.

त्या दिवसापासून नौकाशाळेत भांडणं वाढली, गाणी वाढली, आणि कोणाची नाव दुसऱ्यासारखी होईना.