आधी स्वतःच्या डोळ्यात

पूर्वी शंखपुरात अरिमर्दन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेघगिरी नावाच्या डोंगरावर नेत्रवैद्यांच्या कुळात जन्माला आले होते. भद्रक आचार्य म्हणून लोक त्यांना ओळखत. डोंगरावरच्या एका काटेरी झुडपाच्या मुळीपासून ते अंजन करीत, आणि त्या अंजनाने झाकोळलेले डोळे पुन्हा उजळत. कोणीही यावे, शिकवा म्हणावे आणि शिकून जावे, असा त्यांच्याकडचा रिवाज होता.

अरिमर्दन राजा मात्र मागणाऱ्यांपैकी नव्हता. हवे ते जिंकून आणायचे, एवढेच त्याला ठाऊक. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त 'मला येत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून जन्मात कधी निघाले नव्हते. त्याचा सगळा जीव होता तो आपल्या आईवर. राजमाता उत्पलेच्या डोळ्यांवर तो तरुण असतानाच पडदा येऊ लागला, आणि आता तिला नुसता उजेड आणि काळोख कळे. राजा केवढेही राज्य जिंकून आला तरी ती पहिल्यांदा विचारी, "जेवलास का रे?" आणि एवढा मोठा राजा लहान पोरासारखा मान डोलावी, तिला ते दिसत नाही हे विसरून.

मेघगिरीच्या अंजनाची कीर्ती कानावर येताच राजाने सैन्य घेऊन डोंगर गाठला. गावात लढणारे कोणी नव्हतेच. त्याने झुडपे मुळासकट उपटवली आणि खल, बत्ते, बरण्या, गाळायची फडकीसुद्धा गाड्यांत भरली.

"महाराज, आणि माणसं?" सेनापती शरभाने विचारले.

"माणसं कशाला? ती खातात, रडतात, बंड करतात. औषध आलं ना हाती? चला."

गाव सुन्न होऊन बसले. आचार्यांनी मात्र पायात वहाणा सरकवल्या आणि खांद्यावर पडशी टाकली.

"अहो, मागायला निघालात की काय?" त्यांची बायको म्हणाली. "उभे चिरतील तुम्हाला."

"मागायला नाही गं. राजाच्या आईसाठी नेलंय म्हणतात. कच्ची मुळी डोळ्यात गेली तर त्या माउलीचा उरलासुरला उजेडही जाईल. तिनं आपलं काय बिघडवलंय?"

ज्या सैन्याने आपल्याला लुटले त्याच सैन्याच्या मागे, त्याचीच धूळ खात, आचार्य शंखपुरापर्यंत चालत गेले. असा पाठलाग कोणी कधी केला नसेल.

ते महालात पोचले तेव्हा राजवैद्यांचे अंजन तयार झाले होते. राजमाता मान मागे टाकून बसली होती आणि राजाने तिचा हात धरला होता. धुळीने माखलेला म्हातारा पाहून राजा खेकसला, "काय रे, झुडपं परत न्यायला आलास?"

"नाही महाराज. तुमचं एक न्यायचं राहिलं, ते द्यायला आलोय."

"काय राहिलं?"

"ते करायचं कसं, ते."

सगळे हसले. शरभाने तलवारीला हात घातला. आचार्य त्याला म्हणाले, "राहू द्या हो. नुसतं विचारलंत तरी सांगेन. पण आमची एक रीत आहे. ज्यानं अंजन केलं, त्यानं ते आधी स्वतःच्या डोळ्यात घालायचं. हे कुणी केलंय?"

राजवैद्य आपापल्या पायांकडे पाहू लागले. राजाला त्यांची लाज वाटली. "माझ्या हुकमानं झालंय, म्हणजे मीच केलंय," असे म्हणून त्याने अंजनाची सळई उचलली आणि आपल्या डाव्या डोळ्यात फिरवली.

बाण लागूनही हूं न करणारा तो गडी मटकन खाली बसला. डोळ्यात मिरची भरडल्यासारखी आग उठली. "आई गं!" तो ओरडला.

"काय झालं रे बाळा? कुठं आहेस तू?" म्हातारी हात पसरून त्याला चाचपू लागली. उघड्या डोळ्याने राजाला तिचा वर उचललेला चेहरा दिसला, आणि हे आपण तिच्या डोळ्यात घालणार होतो या विचाराने त्याने हातातली सळई दूर फेकली.

आचार्य पुढे झाले, त्याचा डोळा पाण्याने धुतला, वर दुधात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवली. राजा उठून त्यांच्यासमोर बसला. म्हणाला, "गुरुजी, मला येत नाही. शिकवाल?"

"शिकवीन की. पण या मुळ्या मरायला लागल्यात. आधी डोंगराच्या मातीत परत लावू या."

गाड्या आल्या वाटेने परत निघाल्या. या वेळी सैन्य नव्हते, राजमातेची पालखी होती. गावकऱ्यांनी राजाला पाहून दारे लावून घेतली. आचार्यांच्या बायकोने तेवढे दार उघडले आणि त्याच्या हातात कुदळ दिली. "उपटलंत तुम्ही, आता लावा पण तुम्हीच."

राजाने लावली. पाने फुटली तसा तो मुळी ओळखायला, भिजवायला, वाटायला शिकला. "महाराज, तो खल आहे, शत्रूचं डोकं नव्हे. हळू," आचार्य म्हणत. प्रत्येक वेळी अंजन आधी राजाच्याच डोळ्यात जाई. डोळे सदा लाल, हात सदा काळे, असे त्याचे रूप झाले. आचार्यांना त्याचा फार लळा लागला.

एके सकाळी तो वाटायला बसला असता शरभ घोडा फेकत आला. "महाराज, पलाशनगरात गादीसाठी भाऊभाऊ भांडताहेत. आज निघालो तर राज्य आपलं!"

पलाशनगर म्हणजे राजाच्या बापाचे अपुरे राहिलेले स्वप्न. राजाचा हात थांबला. इकडे वाटण मध्येच सोडले तर फुकट जाणार होते, आणि खणण्याजोगी मुळी आता पुढच्या वर्षीच मिळणार होती. त्याने गुरूकडे पाहिले.

"जायचं तर खुशाल जा," आचार्य म्हणाले. "मी वाटीन. आईंना दिसेलही. पण अंजन मला येतंच, तुम्हाला मात्र येणार नाही."

राजाने डोंगराखालच्या वाटेकडे एकदा पाहिले आणि बत्ता पुन्हा फिरवला. "शरभ, जाऊ दे ते राज्य. हे व्हायचंय अजून." शरभ वाट पाहून पाहून निघून गेला.

त्या दिवशीचे अंजन राजाच्या डोळ्याला गार लागले. मग ते त्याने आईला घातले, रोज घालत राहिला. एके दिवशी पट्टी सोडली तेव्हा राजमातेने पापण्या मिचकावल्या आणि समोर टक लावून पाहिले.

"हा कोण बसलाय? आचार्यांचा शिष्य का? किती शांत चेहरा आहे पोराचा! बाळ, माझ्या अरिमर्दनाला बोलाव रे. आधी त्याला डोळे भरून बघू दे."

राजाने तिचे हात आपल्या गालांवर ठेवले. म्हणाला, "आई, मीच तो."

म्हातारीने त्याला पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. "अगं बाई! मग इतकी वर्षं स्वाऱ्यांवर जायचा तो कोण होता?"

ही कथा सांगून भगवान संघाला म्हणाले, "भिक्षूंनो, तलवार ठेवून उतारवयात लहान श्रामणेरांच्या, म्हणजे नवशिक्या भिक्षूंच्या, पंक्तीत शिकायला बसलेला हा धम्मिल, तोच तेव्हाचा अरिमर्दन. रोज त्याला भिक्षा वाढताना 'पुरेल का रे?' विचारणारी वृद्ध उपासिका ही तेव्हा त्याची आई होती. आणि त्याच्यामागे धूळ खात चालत गेलेला वैद्य मी होतो." धम्मिलाने मान खाली घातली, त्याचे डोळे भरून आले होते. जिंकण्याहून जाणणे मोठे मानणारी ही प्रज्ञापारमिता होय.